बडीशेपेखालची नोट

जेवण झालं की बिल येतं ते स्टीलच्या छोट्या ताटलीत. थोडी बडीशेप, खडीसाखरेचे खडे, चार टूथपिक आणि त्यांच्याखाली दाबलेला कागद. हॉटेल चंद्रपूरच्या बसस्टँडजवळचं असो, मूलचं असो की नागभीड-ब्रह्मपुरीच्या रस्त्यावरचं, ताटलीत फारसा फरक नसतो. पोरगा पैसे गल्ल्यावर नेतो, उरलेली मोड घेऊन परत येतो, आणि मग दोन-चार क्षण टेबलाभोवती जरा अवघडलेले जातात. तो पुसलेलंच टेबल पुन्हा पुसतो. गिऱ्हाईक मोबाइलमध्ये काहीतरी बघितल्यासारखं करतं, पन्नासची नोट उचलतं, दहाची राहू देतं, मग सोबतच्या माणसांकडं एकदा नजर टाकून कधी विसाचीही ठेवतं. डाळतडक्याचा भाव भिंतीवर लिहिलेला असतो. तंदुरी रोटी कितीला आणि तूप लावलेली कितीला, हेही ठरलेलं असतं. या शेवटच्या नोटेचा भाव तेवढा कुठंच लिहिलेला नसतो. ती नोट नेमकं काय मोजते? पोरानं केलेली धावपळ, गिऱ्हाइकाची ऐपत, त्याचा त्या दिवसाचा मूड, की चार माणसांत आपण कसे दिसतो याची धास्ती? बहुधा या सगळ्यांचं मिश्रण असतं, आणि त्यात धावपळीचा वाटा सर्वांत कमी असावा.

टिप देणं हा माणसाचा स्वभावच आहे असं म्हणायची पद्धत आहे. पण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतून फिरलं की स्वभावापेक्षा तिथल्या जमिनीचाच गुण अधिक दिसतो. सकाळी तर्री-पोह्याच्या गाड्यावर कोणी टिप ठेवत नाही. तिथं पोह्यांवर रस्सा ओतणारा हात मालकाचाच असतो, आणि रस्सा संपला तर तो न मागता आणखी एक पळी ओततो. भामरागड किंवा एटापल्लीच्या छोट्या हॉटेलात वाढणारी, भांडी घासणारी आणि पैसे घेणारी माणसं एकाच घरातली असतात. त्यांच्या हातावर वरचे दहा रुपये ठेवले तर ती हिशेब चुकला समजून परत करतील. टिप दिसू लागते ती कोळसा, वीज आणि कागदाच्या पट्ट्यात, म्हणजे घुग्घुस, बल्लारपूर आणि चंद्रपूर शहरात. तिथं बाहेरून आलेले साहेब असतात, त्यांचे पाहुणे असतात, आणि बार असतात. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ते 2021 अशी सहा वर्षं दारूबंदी होती. गडचिरोलीत ती 1993 पासून आहे. उशिरापर्यंत चालणारं टेबल, सैल झालेला हात आणि त्या हाताकडं लक्ष ठेवून उभा असलेला वेटर ही टिपेची सगळ्यात ओळखीची जागा गडचिरोलीत उघडपणे उभीच राहिली नाही. अनोळखी माणूस अनोळखी माणसाला वाढतो, आणि त्या वाढण्याचा मोबदला ठरवणारा मालक दोघांच्या मध्ये असूनही नजरेआड राहतो, तिथंच ही प्रथा रुजते. म्हणून तिच्याबद्दल बोलताना गिऱ्हाइकाच्या दिलदारीपेक्षा आधी त्या नजरेआडच्या माणसाकडं बघायला हवं.

इथली टिपेची सगळ्यात मोठी बाजारपेठ मात्र हॉटेलाच्या टेबलावर नाही, ताडोब्याच्या गेटवर आहे. ताडोबा हे राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1955 चं. अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला 1995 मध्ये. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी या गेटांतून पहाटे जिप्सी आत सोडल्या जातात. प्रवेशाचं शुल्क ठरलेलं, जिप्सीचं भाडं ठरलेलं, आणि प्रत्येक गाडीत सक्तीनं बसणाऱ्या गाइडचे पैसेही वेगळे, ठरलेले. गाइड आसपासच्या गावांतलेच. कोणाच्या वाट्याला कोणती गाडी हे पाळीनं ठरतं. म्हणजे भाव जाहीर, काम जाहीर, पाळी जाहीर. एवढं सगळं नीट बांधलेलं असूनही फेरी संपवून गाडी गेटाबाहेर आली की बडीशेपेच्या ताटलीशेजारचे तेच अवघडलेले क्षण तिथं पुन्हा उगवतात. या वेळी नोटेचा आकार एका तिसऱ्याच जिवावर ठरतो. वाघ दिसला तर पाचशेची, वाघीण पिल्लांसह आडवी गेली तर त्याहून मोठी, आणि नुसते रानगवे, चितळ, मोहाची झाडं आणि मोरांचे आवाज घेऊन परतावं लागलं तर कोरडा नमस्कार. ज्या गाइडनं चार तास पायठसे दाखवले, सांबराची हाळी आणि माकडाचा इशारा यांतला फरक समजावला, त्याची मेहनत वाघ न दिसलेल्या सकाळी कमी झालेली नसते. उलट ती जास्तच झालेली असते.

टिपेच्या बाजूनं नेहमी पुढं केला जाणारा मुद्दा असा की तिच्यामुळं काम चांगलं होतं. पुढं काही मिळायचं असलं की माणूस हसून बोलतो, चटकन उठतो. मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. पण टिप कोणतं काम चांगलं करवते, हे विचारायला हवं. 31 डिसेंबर 2024 ला शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच पिल्लांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. छायाचित्रं सगळीकडं फिरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, चालकांवर आणि गाइडवर कारवाई झाली. त्या गाड्यांमधल्या कोणाच्या मनात काय होतं ते आपल्याला सांगता येणार नाही. परंतु इतकं उघड आहे की ठरलेले पैसे गाडी लांब उभी केली तरी मिळतात, आणि वरचे पैसे गाडी जवळ नेली तर मिळण्याची आशा असते. नियम सांगतो अंतर राखा, नोट सांगते पुढं घे. कमाईचा एक हिस्सा पाहुण्याच्या खुशीवर टांगला की काम करणारा पाहुण्याला खूश करतो, आणि ज्यांना नोट देता येत नाही, म्हणजे वाघ, जंगल आणि मागच्या जिप्सीतली म्हातारी माणसं, त्यांचं हित मागं पडतं. हॉटेलातही हेच थोड्या सौम्य रूपात घडतं. ज्या टेबलावरून मोठी नोट येईलसं वाटतं तिकडं पाण्याचा जग लवकर पोचतो.

आणि जे दिसत नाहीत त्यांचं काय? टिप फक्त समोर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचते. मोरीशी बसून कढया घासणारी बाई, भट्टीपुढं रोट्या भाजणारा, पहाटे कांदे चिरणारा यांच्या वाट्याला ती आपणहून येत नाही. जंगलातही तसंच. उन्हाळ्यात पाणवठे भरणारे, जाळरेषा काढणारे, पायी गस्त घालणारे वनमजूर पर्यटकाला भेटतच नाहीत. नोव्हेंबर 2021 मध्ये कोलारा भागात व्याघ्रगणनेच्या सर्वेक्षणासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ज्या वाघांच्या दर्शनासाठी गेटवर नोटा पुढं होतात, ते वाघ टिकवण्याचं सगळ्यात जोखमीचं काम अशा माणसांच्या पायांवर चालतं. कामाची किंमत ठरवायचं माप म्हणून टिप इतकी तोकडी आहे, की तिच्या जोरावर कोणाचं घर चालत असेल तर ती त्या घरासाठी चिंतेचीच बाब म्हणायची.

मोठ्या हॉटेलांनी आणि रिसॉर्टनी यावर काढलेला तोडगा म्हणजे सेवाशुल्क, बिलातच पाच-दहा टक्के जोडून घ्यायचे. कागदावर तोडगा चांगला दिसतो. मूड गेला, लहर गेली, आचाऱ्यालाही वाटा मिळणार. पण तो ज्या रीतीनं आला तिथंच तो फसला. हजाराच्या जेवणावर दहा टक्के म्हणून शंभर रुपये लागतात, मग पाच टक्के जीएसटीही अकराशेवर लागतो, आणि हे शुल्क सरकारी नसून हॉटेलनं आपणच लावलेलं आहे हे बिलाच्या बारीक अक्षरांतून कितीजणांना कळतं? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला मार्गदर्शक सूचना काढल्या: हे शुल्क आपोआप जोडायचं नाही, दुसऱ्या नावानं घ्यायचं नाही, ते नाकारणाऱ्याला दारातून परत पाठवायचं नाही. हॉटेलचालकांच्या दोन राष्ट्रीय संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, आणि 28 मार्च 2025 ला न्यायालयानं त्यांच्या याचिका फेटाळून प्रत्येकी एक लाखाचा खर्च लादला. सक्तीचं सेवाशुल्क बेकायदा. राजीखुशीनं कोणी टिप दिली तर हरकत नाही, असा त्या निकालाचा सरळ अर्थ.

ग्राहकाच्या बाजूनं हा निकाल योग्यच आहे. तरी तो वाचून संपल्यावर एक खुर्ची रिकामीच राहते. दाव्यात ग्राहक होता, मालक होता, सरकार होतं. वाढणारा पोरगा दोन्ही पक्षांच्या युक्तिवादात फक्त उल्लेखापुरता. हे पैसे आम्ही कामगारांतच वाटतो असं मालक म्हणतात, आणि काही हॉटेलांत ते खरंही असेल. पण कोणाला किती वाटले याचा कागद कोणत्या भिंतीवर लागतो? जो वाटा घेणाऱ्याला मोजता येत नाही आणि देणाऱ्याला दिसत नाही, तो मधल्या माणसाच्या मर्जीचाच राहतो. म्हणजे टिपेत गिऱ्हाइकाची लहर होती, सेवाशुल्कात मालकाची आली. आणि निकालानंतर सेवाशुल्क गेलं म्हणून पगार आपोआप वाढत नाही. पोरगा पुन्हा ताटलीशेजारी येऊन उभा राहतो. वाद सारखा ‘द्यायचं की नाही’ यावर चालतो, आणि ‘ठरवायचं कोणी’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. मला सगळा पेच त्या दुसऱ्या प्रश्नातच दिसतो.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. बलुतेदारीत कामाचा मोबदला खळ्यावर मिळायचा. रिवाजानं हक्क असायचा खरा, पण माप भरणारा हात कुणब्याचा, आणि सुगी कशी झाली, मालकाचं मन कसं आहे, यावर ते माप भरायचं किंवा घटायचं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिलं तेव्हाही या देण्याघेण्यातली ओढाताण त्यांनी बारकाईनं नोंदली. त्यापुढं जाऊन घाव घातला तो डॉ. आंबेडकरांनी. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाबाबतचं विधेयक मांडताना बलुत्याच्या जागी ठरीव, रोख मोबदला यावा हा त्यांच्या मांडणीचा एक गाभा होता. विधेयक मंजूर झालं नाही. पण त्यामागचा विचार स्पष्ट होता: ज्याच्या मर्जीवर भाकरी अवलंबून, त्याच्यासमोर मान ताठ ठेवता येत नाही. 16 ऑक्टोबर 1956 ला, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, त्यांनी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, येऊन धम्मदीक्षा दिली. मान ताठ ठेवण्याचा तो धडा या मातीला परका नाही. पलीकडं अमेरिकेत टिपेची मुळं गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळाशी जोडली जातात. मुक्त झालेल्या काळ्या माणसांना हॉटेलांत आणि पुलमन कंपनीच्या रेल्वेडब्यांत काम मिळालं, पण पगाराचा मोठा भाग प्रवाशांच्या मर्जीवर सोडून. टिप मिळवणाऱ्या कामगाराचं तिथलं संघराज्याचं किमान वेतन 1991 पासून तासाला 2.13 डॉलरवरच अडकलेलं आहे. टिप मिळते म्हणून पगार द्यायला नको, आणि पगार नाही म्हणून टिप सोडता येत नाही, असा हा फेरा आहे.

फेऱ्यातून बाहेर पडण्याची वाट शोधायला लांब जावं लागत नाही. मे महिन्यात या दोन जिल्ह्यांत तेंदूपानांचा हंगाम असतो. घरंच्या घरं पहाटे रानात जातात, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून देतात. अनेक वर्षं या कामाला दोन तऱ्हेचे पैसे होते: तोडणीची मजुरी, आणि व्यापारातला नफा कळल्यावर सरकारकडून मागाहून येणारा बोनस. तो कधी येईल आणि किती येईल, हे पान तोडणाऱ्याच्या हातात नव्हतं. मग 2006 च्या वनहक्क कायद्यानं आणि पेसा या आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या नियमांनी चित्र पालटायला सुरुवात झाली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या हाती आलं. पुढं गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभांनी तेंदूचे लिलाव स्वतः केले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं तर झाडांची हानी नको म्हणून तेंदूपानं तोडायचीच नाहीत असं ठरवलं. या सगळ्यात पैसा वाढला की घटला, हा हिशेब वर्षागणिक बदलतो. कंत्राटदारानं थकवल्याच्या तक्रारीही असतात. पण भाव सर्वांसमोर ठरतो, वाटप सर्वांसमोर होतं, आणि नको म्हणायचा अधिकारही राहतो. मागाहून कधीतरी येणाऱ्या बोनसची वाट बघणाऱ्या माणसाला हे तिन्ही नव्हतं.

हॉटेलाची तुलना जंगलाशी कशी होणार, असं कोणी म्हणेल. तेंदू गावाचा आहे, हॉटेल मालकाचं आहे. बरोबर. वेटरांनी लिलाव करावा असं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की मोबदल्याचा जो भाग आज अंधारात ठरतो तो उजेडात आणता येतो. सेवेची किंमत पदार्थाच्या किमतीतच धरावी, पगार त्यातून द्यावा, आणि मेन्यूकार्डाच्या खाली एक ओळ असावी: इथल्या कामगारांना ठरलेला पगार मिळतो, वेगळं काही अपेक्षित नाही. जेवण महागेल, हा आक्षेप येणारच. पण ते दहा टक्के गिऱ्हाईक आजही देतंच, फक्त ताटलीत किंवा बारीक अक्षरात. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आरमोरी किंवा सिंदेवाहीच्या छोट्या भोजनालयाच्या मालकाला गॅस, तेल आणि भाडं भागवतानाच घाम फुटतो. त्यानं पगार वाढवायचा कुठून? याला चटकदार उत्तर नाही. अशा ठिकाणी मालक स्वतः राबतो, पोरं बहुतेक वेळा तिथंच जेवतात, राहतात, आणि टिपेवर त्यांचा पगार बेतलेला नसतो. त्यामुळं हा आग्रह आधी त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्या बिलात दहा टक्के आणखी घालण्याइतकी जागा मुळात होती.

उरतो मायेचा मुद्दा. सगळंच ठरीव केलं तर दोन माणसांमधला ओलावा आटेल, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. यावर वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी रंगभूमीकडं बघावं. दिवाळी सरली की धानकापणीनंतरच्या गावांतून रात्रभर नाटकं चालतात, तिकीट काढून, मंडपात, हजारोंच्या गर्दीत. लोककलेत नोट उंचावून, नाव पुकारून बक्षीस द्यायची जुनी रीत आहे. तमाशाच्या दौलतजादात तर कलावंताला त्या नोटेपुढं किती वाकावं लागे, हे मराठी माणसाला सांगायला नको. तिकिटानं झाडीपट्टीची दाद आटली नाही. पहाटेपर्यंत माणसं बसून राहतात, एखाद्या संवादावर टाळी पडते, लाडक्या नटाला कोणी घरी जेवायला नेतं. या रंगभूमीवर आयुष्य घातलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा गावोगावचे प्रेक्षक तो आपलाच सन्मान समजले, असं म्हटलं तरी चालेल. एसटीचा चालक पावसाळ्यात गाडी भामरागडच्या दिशेनं नेतो, पर्लकोटा नदीच्या पुराचा अंदाज घेत नेतो, आणि उतरताना कोणी त्याच्या हातावर नोट ठेवत नाही. म्हणून ‘येतो भाऊ’ म्हणण्यातली माया कमी होत नाही.

आता ताटलीही हळूहळू निरुपयोगी होते आहे. गल्ल्याशेजारी क्यूआर कोडचा चौकोन लागला, तीनशे सदतीस रुपये म्हणजे नेमके तीनशे सदतीसच जातात, मोड उरत नाही, आणि पैसा थेट मालकाच्या खात्यात पोचतो. टिपेचा निम्मा प्राण चिल्लरीत होता हे आता लक्षात येतं. काही ठिकाणी वेटर आपला मोबाइल पुढं करतो, तर काही ठिकाणी जिप्सीचालकाचा नंबर विचारून घेतला जातो. प्रथा आपोआप विरेल, की नवी फट शोधून अधिक निर्लज्ज होईल, हे सांगणं अवघड आहे. पण ती विरली आणि पगार तसाच राहिला, तर ज्यांचं नुकसान होईल त्यांनी कोणाकडं जायचं? सेवाशुल्काची तक्रार करायला ग्राहकासाठी 1915 हा क्रमांक आहे. ‘पगारात टिप धरलेली आहे’ ही तक्रार कोणत्या खिडकीवर द्यायची, ते त्या पोरालाही कोणी सांगितलेलं नाही. पगार पुरेसा आहे, तो सर्वांना ठाऊक आहे, आणि तरीही जेवून उठलेल्या माणसाला काहीतरी मागं ठेवावंसं वाटतं, असं कधी घडलं तर तो पैसा कशाचा असेल हे बघण्यासारखं ठरेल. तोवर आपण जे देतो त्यात आपली दिलदारी किती आणि मालकाची उधारी किती, हे आपल्याला वेगळं काढता येत नाही.